गल्लाभरू चित्रपटांचें ऋण

सन १९०३ मध्यें अमेरिकेंत एडिसन यांच्या कंपनीनें 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' नांवाचा एक मूकपट काढला. दिग्दर्शक एडविन पोर्टर. लांबी अवघी दहा-बारा मिनिटांची, आणि कथा एवढीच, कीं कांहीं दरोडेखोर आगगाडी अडवितात, उतारूंना लुटतात, घोड्यांवर बसून पळतात व अखेर पाठलाग करणाऱ्यांच्या हातून मारले जातात. परंतु या चित्रपटांत असें एक दृश्य आहे, कीं ज्याचा कथेशीं कांहींएक संबंध नाहीं. दरोडेखोरांपैकीं एकजण पडदाभर दिसतो, पिस्तुल उगारतो आणि थेट प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. हें दृश्य आरंभीं दाखवावें कीं शेवटीं, हें कंपनीनें खेळ लावणाराच्या मर्जीवर सोपविलें होतें! कथेला त्याची गरज नव्हती. गरज होती ती तिकिटाच्या खिडकीला.

या एका दृश्यांत दोन चित्रपटप्रकारांचें बीज एकत्र सांपडतें. अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोकळा मुलूख, घोडेस्वार, पिस्तुलें आणि कायद्याच्या हद्दीपलीकडचा न्याय, हा 'वेस्टर्न' चित्रपटाचा संसार. आणि कथेला हवें असो वा नसो, प्रेक्षकाला खेचून आणील असें कांहीं तरी पदरीं ठेवावयाचें, ही ज्यांना तिकडे 'एक्स्प्लॉयटेशन' चित्रपट म्हणतात त्यांची रीत. आपल्याकडे त्याला 'गल्लाभरू' असा चपखल शब्द आहे. सभ्य टीकाकारांनीं हे दोन्ही प्रकार दीर्घकाळ ओसरीवरच बसविले. माजघरांत घेतले नाहींत. तथापि आज ज्यांना आपण थोर म्हणतों अशा पुष्कळ चित्रपटांच्या वाटा याच ओसरीवरून गेल्या आहेत. त्या वाटा कोठून कोठें गेल्या, आणि त्यांवरून चालतांना कोण तुडविलें गेलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण घरगुती आहे. दिवाळीच्या सुटींत माझा कॉलेजांत शिकणारा भाचा आमच्याकडे आला होता. एके दुपारीं तो टॅरांटिनो या दिग्दर्शकाचा 'जँगो अनचेन्ड' हा चित्रपट लावून बसला. आमच्या सौभाग्यवती फराळाचें ताट घेऊन खोलींत आल्या आणि पडद्यावरील रक्ताचें शिंपण पाहून दारांतच थबकल्या.

"अरे, सणासुदीच्या दिवसांत हें काय पाहतोस?"

"मामी, या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळालीं आहेत."

"मिळालीं असतील. रक्त तें रक्तच."

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, आतां तूंच सांग." त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आतां देतों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे, कीं हलकें कोणतें आणि भारदस्त कोणतें याच्या रेषा काळ बदलतो. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्रा'तील तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नाहीं. साळुंके नांवाच्या पुरुषानें ती वठविली. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनीं केली, आणि एका प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली म्हणून केवढा गहजब झाला! दोन तारामतींमधील अंतर केवळ एकोणीस वर्षांचें.

अमेरिकेंतहि अशीच एक रेषा आंखली गेली. तेथील मोठ्या कंपन्यांनीं १९३० सालीं स्वतःसाठीं एक नीतिनियमावली स्वीकारली. १९३४ पासून तिचा कडक अंमल सुरू झाला, आणि तो पुढें १९६८ पर्यंत नांवाला तरी टिकला. शयनगृह, व्यसनें, गुप्तरोग, अनौरस संतति हे विषय मोठ्या कंपन्यांना वर्ज्य झाले. परंतु जें एकाच्या दुकानांत मिळत नाहीं, तें विकणारा दुसरा उभा राहतोच. 'एक्स्प्लॉयटेशन' हा शब्द मुळांत चित्रपटधंद्यांतील जाहिरातबाजीचा. नामांकित नट नाहीं, भव्य देखावे नाहींत, तेव्हां इतरत्र न दिसणारी गोष्ट येथें दिसेल असा डांगोरा पिटावयाचा, हेंच भांडवल.

या धंद्याचा नमुना म्हणजे क्रोगर बॅब याचा १९४५ सालचा 'मॉम अँड डॅड'. शरीरधर्माविषयीं आईनें कांहींच न सांगितल्यामुळें एक अजाण मुलगी संकटांत सांपडते, अशी त्याची कथा. स्त्रियांचा खेळ वेगळा, पुरुषांचा वेगळा. मध्येंच 'एलियट फोर्ब्स' नांवाचा आरोग्यतज्ज्ञ व्याख्यान देई आणि मग पुस्तिका विकल्या जात. गंमत अशी, कीं एकाच संध्याकाळीं निरनिराळ्या गांवीं निरनिराळे 'एलियट फोर्ब्स' बोलत असत! थोतांडच तें. परंतु जो प्रश्न शिष्टांनीं पडद्यावरून हद्दपार केला होता, तो या थोतांडानें आयांपुढें ठेवला, हेंहि खरें. २००५ सालीं अमेरिकेनें आपला राष्ट्रीय ठेवा म्हणून जपावयाच्या चित्रपटांच्या यादींत या चित्रपटाचा समावेश केला.

पुढें १९५० नंतर घरोघरीं दूरदर्शन आलें, मोठ्या कंपन्यांचीं चित्रपटगृहें न्यायालयाच्या निर्णयानें त्यांच्या हातून सुटूं लागलीं, आणि मोटारींत बसून चित्रपट पाहणाऱ्या तरुणांचा नवा वर्ग निर्माण झाला. या वर्गासाठीं स्वस्त चित्रपट काढणारांत रॉजर कॉर्मन हे अग्रगण्य. त्यांनीं स्वतः दिग्दर्शिलेला पहिला चित्रपट, १९५५ सालचा 'फाइव्ह गन्स वेस्ट', हा वेस्टर्नच होता. १९६० सालच्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चें मुख्य चित्रीकरण त्यांनीं सुमारें दोन दिवसांत उरकलें. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. म्हणून ते होतकरू तरुणांना कामाला लावीत. वेतन तुटपुंजें, परंतु कॅमेरा हातीं मिळे, आणि भीति किंवा साहस यांचा ठराविक शिधा भरला, कीं उरलेल्या जागेंत दिग्दर्शकानें आपल्या मनाचें कांहीं करावें अशी मुभा असे.

या गुरुकुलांतून कोण बाहेर पडलें पाहा. 'द गॉडफादर'चे फ्रान्सिस फोर्ड कोपोला, 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'चे जोनाथन डेमी, 'टायटॅनिक'चे जेम्स कॅमेरॉन आणि मार्टिन स्कोर्सेसी. कोपोला व डेमी यांनीं तर आपल्या चित्रपटांत कॉर्मन यांना लहानशा भूमिका देऊन जणूं गुरुदक्षिणाच दिली. दुसरीकडे याच गृहस्थांच्या कंपनीनें बर्गमन व फेलिनी यांचे चित्रपट अमेरिकेंत वितरित केले. २००९ सालीं त्यांना सन्मानार्थ ऑस्कर मिळालें आणि २०२४ सालीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं ते निवर्तले.

आतां वेस्टर्नकडे वळूं. या प्रकाराला प्रौढपणा आणला तो जॉन फोर्ड यांनीं. १९३९ सालच्या 'स्टेजकोच'मध्यें त्यांनीं मॉन्युमेंट व्हॅलींतील उभे लाल सुळके जगाला दाखविले. फोर्ड यांचा एक मोठा चाहता जपानांत होता, अकिरा कुरोसावा. त्यांचा 'सेव्हन सामुराय' १९५४ सालीं आला आणि १९६० सालीं अमेरिकेनें त्यावरून 'द मॅग्निफिसन्ट सेव्हन' हा वेस्टर्न केला. कुरोसावांचा 'योजिम्बो' १९६१ चा. इटलीच्या सर्जियो लिओनी यांनीं तो न विचारतां उचलला आणि १९६४ सालीं 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. प्रकरण कायद्यापर्यंत गेलें. तडजोडींत जपानी पक्षाला जगभरच्या उत्पन्नाचा पंधरा टक्के वांटा मिळाला. चित्रीकरण स्पेनच्या माळरानावर, नायक अमेरिकन, दिग्दर्शक इटालियन, कथा जपानी! परंतु त्यांतून निपजलेली भाषा अगदीं नवी होती. पडदा व्यापणारे डोळे, गोळी सुटण्यापूर्वींची न संपणारी शांतता, मोरिकोने यांच्या संगीतांतील शीळ व चाबकाचा फटकारा, आणि नीतीसाठीं नव्हे तर पैशासाठीं लढणारा अनामिक नायक. आज कोणत्याहि देशाच्या साहसपटांत ही भाषा ऐकूं येते.

आपल्या देशांत ती कशी आली हें सांगावयास नको. मुळांत मुंबईला घोडा आणि चाबूक यांचें वावडें कधींच नव्हतें. वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली'नें १९३५ सालीं नादियाच्या रूपानें चाबूक स्त्रीच्या हातीं दिला होता. १९७५ सालच्या 'शोले'मध्यें कुरोसावांचें गांवरक्षण आणि लिओनींच्या वेस्टर्नमधील कुटुंबसंहार एकत्र आले. गब्बरचा मुलूख बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत उभा राहिला, आणि आगगाडीवरचा तो सुप्रसिद्ध हल्ला चित्रित झाला तो आपल्या पनवेलजवळच्या लोहमार्गावर. पोर्टरच्या आगगाडीनें पनवेल गांठण्यास सुमारें सत्तर वर्षें घेतलीं! 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहांत पांच वर्षें चालला.

येथवर ऋणाची जमेची बाजू झाली. आतां खर्चाची.

मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो लोकांची भूमि. 'स्टेजकोच'मध्यें त्याच लोकांना रोजमजुरीवर घेऊन अपाची शत्रू म्हणून उभें केलें. त्यांच्या वांट्याला नांव नाहीं, घर नाहीं, मुलेंबाळें नाहींत. घोड्यावरून दौडत यावें आणि गोळी लागून पडावें, एवढेंच काम. ज्यांची भूमि गेली, तेच पडद्यावर चढाई करणारे ठरले. हा प्रकार दशकानुदशकें चालला आणि जगभरच्या मुलांनीं तो खेळ म्हणून पाहिला. आम्हीहि पाहिला. टाळ्याहि वाजविल्या.

दुसरें उदाहरण कृष्णवर्णीय अमेरिकनांचें. १९७१ सालीं मेल्व्हिन व्हॅन पीबल्स व गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे चित्रपट तुफान चालले. कृष्णवर्णीय माणूस नोकराच्या वेषांतून बाहेर पडून नायक झाला. लागलीच धंदेवाइकांची रीघ लागली. नायक आतां बहुधा गुंड किंवा कोकेन विकणारा असे, आणि नफ्याचा मोठा भाग गोऱ्या मालकांकडे जाई. १९७२ सालीं ज्युनियस ग्रिफिन या हक्क-चळवळींतील कार्यकर्त्यानें या लाटेला 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' असें नांव देऊन तिचा निषेध केला. इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ येथें एकमेकांना भेटले. जाहिरातबाजी तर होतीच. तिच्या पोटीं शोषणहि होतें. उलटपक्षीं त्या चित्रपटांतील नटनटींचें म्हणणें असें, कीं आम्हांला दुसरें काम देतें कोण? या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीं.

आणि आतां भाच्याचा चित्रपट. १९६६ सालीं सर्जियो कोर्बुची या इटालियन दिग्दर्शकानें 'जँगो' काढला. त्याचा नायक स्वतःमागें शवपेटी ओढीत येतो. टॅरांटिनो यांनीं २०१२ सालीं तें नांव एका मुक्त झालेल्या गुलामाला दिलें. वेस्टर्नमध्यें ज्याला क्वचितच घोडा मिळाला, त्याला त्यांनीं घोड्यावर बसविलें आणि पिस्तुल दिलें. दोन्ही हलक्या प्रकारांचें हें मीलन आहे, आणि त्यांत न्यायाची एक ऊर्मि निश्चित आहे. परंतु स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकानें पूर्वजांचा अनादर होईल म्हणून तो पाहण्याचेंच नाकारलें. म्हणजे आमच्या घरांतला वाद अमेरिकेंतहि झाला होता. भाचा म्हणतो कीं हा चित्रपट मोठा आहे, आणि मामी म्हणते कीं रक्त तें रक्तच. दोघेंहि अर्धें सत्य बोलत आहेत.

उरलेलें अर्धें मला स्कोर्सेसींपाशीं सांपडलें. ते कॉर्मन यांचे विद्यार्थी. १९७२ सालचा त्यांचा 'बॉक्सकार बर्था' हा त्याच कारखान्यांतला. १९९० सालच्या 'गुडफेलाज'च्या शेवटीं एक गुंड थेट आपल्यावर पिस्तुल झाडतो. पोर्टरच्या त्या दरोडेखोराला केलेला तो नमस्कार होय. २०२३ सालीं, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनीं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' काढला. ओक्लाहोमांतील ओसेज या आदिवासी जमातीच्या जमिनींत तेल निघालें, आणि १९२० नंतरच्या काळांत त्या संपत्तीसाठीं गोऱ्या माणसांनीं त्यांच्यांत सोयरीक करून त्यांचे खून पाडले, ही सत्यकथा. येथें आदिवासी स्त्रीला नांव आहे, मोली. तिला आई आहे, बहिणी आहेत, विनोदबुद्धि आहे.

शेवटीं स्कोर्सेसी एक विलक्षण गोष्ट करतात. कथेचा समारोप ते रेडिओवरील एका तमाशानें करतात. सिगारेटच्या जाहिरातीबरोबर, नकली आवाजांच्या साथीनें, त्या खुनांची करमणूक होत असते. आणि मग स्वतः वृद्ध दिग्दर्शक पुढें येऊन मोलीचें मृत्युवृत्त वाचून दाखवितात, आणि त्यांत खुनांचा उल्लेख नव्हता असें सांगतात. दुसऱ्याच्या दुःखाचा खेळ मांडून पोट भरणाऱ्या धंद्यांत आपणहि आहोंत, अशी ती कबुली आहे. १९०३ सालीं पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाकडे वळला तो गोळी झाडण्यासाठीं. १२० वर्षांनंतर वळला तो हिशेब देण्यासाठीं.

मुलांनीं काय पाहावें, हा प्रश्न आईबापांना सुटत नाहीं. आतां तर पडदा प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि कुलूप लावून तो बंद होणार नाहीं. चित्रपट कोणत्या जातीचा, त्याला पारितोषिक मिळालें कीं नाहीं, यावरून निवाडा करूं नये असें मला वाटतें. मुलाशेजारीं बसावें आणि एकच प्रश्न विचारावा: ज्याच्या दुःखावर हा खेळ चालला आहे, त्याला या चित्रपटांत नांव आहे काय? ज्या घरांत हा प्रश्न विचारला जातो, त्या घरांतील मूल रक्त पाहूनहि निबर होणार नाहीं असा माझा विश्वास आहे.

भाचा परत जाण्याच्या आदल्या रात्रीं आम्ही तिघांनीं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' पाहिला. साडेतीन तासांच्या त्या चित्रपटांत रक्त होतेंच. सौभाग्यवती एकदांहि उठल्या नाहींत. दिवा लावल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या मोलीला मुलें होतीं ना रे? त्यांचें पुढें काय झालें?"

भाच्याला तें ठाऊक नव्हतें. तो दुसऱ्या दिवशीं गाडींत बसेपर्यंत तेंच शोधीत होता.