संरक्षण आदेश मागे घेताना

घरातील मारहाणीला कंटाळून न्यायालयाची पायरी चढणाऱ्या स्त्रीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तीच स्त्री काही महिन्यांनी पुन्हा ती पायरी चढते आणि मिळालेला आदेश रद्द करण्याची विनंती करते, तेव्हा मात्र सर्वांना हायसे वाटते. संसार सावरला, असे म्हणत नातलग घरी परततात. सही होते, प्रकरण निकाली निघते. पण ते मिटते काय?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ अन्वये न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. तो किती काळ टिकतो, याचे उत्तर कलम २५ मध्ये आहे. ज्या स्त्रीच्या रक्षणासाठी तो दिला, ती स्वतः तो उठविण्याचा अर्ज करीपर्यंत तो अमलात राहतो. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने स्त्री आणि प्रतिवादी या दोघांनाही फेरफार मागण्याची मुभा दिली आहे. परिस्थितीत बदल झाल्याची खात्री पटली, तर न्यायदंडाधिकारी आदेश बदलू शकतात वा रद्द करू शकतात. मात्र त्याची कारणे त्यांनी लेखी नोंदविली पाहिजेत.

हा बदल मूळ आदेशानंतर घडलेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील एका निकालात स्पष्ट केले. मूळ आदेशच चुकीचा वाटत असेल, तर कलम २९ खाली ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. तो जुना वाद फेरफाराच्या अर्जातून पुन्हा उकरता येत नाही.

मग पतिपत्नी पुन्हा एकत्र नांदू लागणे हा बदल नव्हे काय? अवश्य आहे. परंतु त्यासाठी सगळा आदेशच पुसून टाकण्याची गरज असते काय? संरक्षण आदेशात अनेक मनाया असू शकतात : हिंसा करू नये, स्त्रीच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊ नये, तिच्याशी संपर्क साधू नये, मालमत्तेची वा बँकेतील लॉकरची परस्पर विल्हेवाट लावू नये, तिच्या नातलगांना त्रास देऊ नये. पती घरी परतला की संपर्काची मनाई निरर्थक होते, ती वगळावी. हात उगारू नये ही मनाई मात्र एका छपराखाली राहणाऱ्यांनाच अधिक लागू पडते.

डोक्यावर टांगती तलवार ठेवून संसार कसा व्हायचा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आदेशाचा भंग केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हे खरे. पण ज्याला पुन्हा हात उगारायचाच नाही, त्याला या तलवारीचे भय कसले? समेटाच्या बैठकीत ‘आधी केस मागे घे, मग घरात ये’ अशी अट घातली जाते, तेव्हा तिच्या हातातील एकमेव आधार घराच्या उंबऱ्यावरच काढून घेतला जात असतो.

पुरुषाच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पत्नीने बोलावले म्हणून तो घरी गेला, तरी लेखी आदेश तोंडी संमतीने बदलत नाही. पुढे बिनसले, तर तीच भेट आदेशाचा भंग म्हणून त्याच्यावर उलटू शकते. म्हणून समेट झाल्यावर प्रथम न्यायालयात जाऊन फेरफार करून घेणे त्याच्याही हिताचे आहे.

आदेश उठविण्याची किल्ली कायद्याने स्त्रीच्या हाती दिली, हे योग्यच झाले. ती अजाण नाही. तिच्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे. पण तो निर्णय तिचा आहे, एवढे तरी पाहिले जावे. पक्षकाराची इच्छा व प्रकरणाची निकड असेल, तर कलम १६ खाली बंद दालनात कामकाज चालविता येते. तिथे, सासर-माहेरच्या माणसांच्या नजरेआड, अर्ज कोणाच्या सांगण्यावरून केला, घरी काय बदलले आणि आदेशाचा काही भाग ठेवायचा आहे काय, हे तिला विचारता येईल. आदेश उठल्यावर पुन्हा हिंसा झाल्यास नव्याने दाद मागता येते, हेही तिला तिथेच सांगितले जावे. या प्रश्नांना पाच-दहा मिनिटे पुरतील. खटल्यांच्या गर्दीतही न्यायालयाने तेवढा वेळ तिच्यासाठी काढलाच पाहिजे.