सवलती मिळाल्या, सवंगडी राहिले

1996 साली महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. पण निदान होणार मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, तेही बहुतेक इंग्रजी चाचण्यांवर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मराठी शाळेतला मुलगा ‘ढ’च राहिला. मराठीसह चार भाषांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, ओळखणारं ‘डाली’ हे साधन यायला 2015 उजाडलं.

गंमत म्हणजे त्याच 1996 साली कावेल आणि फोर्नेस या अमेरिकी संशोधकांनी 152 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतून दिसलं की अशा दर चार मुलांपैकी साधारण तिघांना सामाजिक कौशल्यांतही अडचण असते. आपल्याकडे मात्र चर्चा गुणपत्रिकेपुढे सरकली नाही. 2007च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि पालक वह्यांतली उलटी अक्षरं शोधू लागले. त्यात वसतिगृहात एकट्या पडलेल्या ईशानशी मैत्री करणारा राजन फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. माझ्या मते चित्रकलेचे निकुंभ सर येईपर्यंत ईशानला धरून ठेवलं ते राजननंच.

अध्ययन अक्षमता असलेली मुलं एकटी का पडतात? लगोरीचे नियम भराभर सांगितले की अर्धे निसटतात. थट्टा कुठली आणि अपमान कुठला, हे चेहऱ्यावरून पटकन उमगत नाही. आपला डाव येण्याआधीच ती धावतात, मग भांडण. भिडू मागताना शेवटी उरतं ते असंच मूल. म्हणून गट पाडायचं काम पोरांवर न सोडता गुरुजींनीच करावं. घरी खेळ आधी सावकाश शिकवावा, एकाच मित्राला तासाभरासाठी बोलवावं आणि काय खेळायचं ते ठरवून ठेवावं. भांडण झालंच तर रागावण्याआधी मुलासोबत घडलेलं सगळं क्रमानं उलगडावं: तू काय केलंस, त्याला काय वाटलं असेल, पुढच्या वेळी काय करशील? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड लव्हॉय यांनी 2005च्या पुस्तकात हीच रीत मांडली आहे. ती आजमावायला पैसा लागत नाही, धीर मात्र लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक गाठ आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, तोवर वर्गातल्या जोड्या जमून गेलेल्या असतात. त्याला वाचता येत नाही ते गैरहजेरीमुळे, असं सगळे धरून चालतात. खरी अडचण तपासायची राहूनच जाते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेला जागा दिली. जानेवारी 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्रासाठी तपासणी आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी ठरवली. ती वाचन, लेखन, गणिताभोवती फिरते. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षकही शाळेत आले की मुलाला पुस्तक घेऊन बसवतात. त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत थांबावं आणि पोषण आहाराच्या पंगतीत तो कुणाशेजारी बसतो, हे त्याच्या नोंदवहीत लिहावं.