जुन्या वाहनांतील इंधननळी : लहान भाग, मोठी जोखीम

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे जीवन रस्त्यांशी जोडलेले आहे. मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा ही पुणे-नाशिक मार्गावरील गावे शेतमालाच्या व्यापाराची केंद्रे आहेत. पश्चिमेस माळशेज घाट आणि भीमाशंकरचा डोंगर असल्याने चढ-उताराच्या रस्त्यांवर वाहनांना अधिक श्रम पडतात. या भागात नव्या गाड्यांबरोबरच वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या मोटारी, जीपगाड्या आणि मोटारसायकलीही धावताना दिसतात. अशा वाहनांचे टायर, ब्रेक आणि दिवे यांकडे मालकाचे लक्ष असते. परंतु टाकीतील इंधन इंजिनापर्यंत नेणारी रबरी नळी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. वाहनास आग लागण्याच्या कारणांत या नळीच्या गळतीचा समावेश होतो.

नळी जीर्ण का होते?

नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते व मऊ पडते. म्हणून इंधननळीसाठी नायट्राइलसारखे कृत्रिम रबर वापरले जाते. त्यास लवचिकपणा यावा यासाठी काही तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. वर्षानुवर्षे पेट्रोलच्या संपर्कात राहिल्याने ही द्रव्ये हळूहळू निघून जातात. बाहेरून इंजिनाची उष्णता आणि हवेतील ओझोन वायू रबरास तडे पाडतात. गाडी दीर्घकाळ उभी राहून नळी कोरडी पडली, तर ती आकसते व कडक होते. त्यामुळे पावसाळाभर उभे असलेले वाहन लग्नसराईत किंवा यात्रेच्या दिवसांत प्रथमच बाहेर काढले जाते, तेव्हा गळतीचा संभव वाढतो. नळी शाबूत दिसत असली, तरी तिच्या टोकाशी असलेली क्लिप सैल होऊन तेथून इंधन झिरपू शकते.

आग कशी लागते?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि शून्याखालील तपमानातही पेट घेऊ शकते. बॉनेटखाली विजेच्या तारांची ठिणगी किंवा तापलेली धुराची नळी असतेच. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत इंधनाचा दाब अल्प असतो, त्यामुळे गळती थेंबाथेंबाने होते. इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत मात्र हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असल्याने लहानशा भेगेतूनही इंधनाचा फवारा उडतो. डिझेल सहजी पेट घेत नसले, तरी अतितप्त भागावर त्याचा फवारा पडल्यास तेही पेटते.

घाट चढून आल्यावर वाहन थांबविले म्हणजे धोका संपला, असे समजणे चुकीचे आहे. इंजिन बंद होताच वाऱ्याचा झोत थांबतो आणि बॉनेटखालील उष्णता काही काळ वाढतच राहते. नळीतील पेट्रोलची वाफ होऊन दाब वाढतो आणि कमकुवत जागी गळती सुरू होते. भीमाशंकरच्या यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी वाहने शेजारी शेजारी उभी असतात, तेव्हा एका वाहनाची आग इतरांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

परदेशांत जुन्या स्पोर्ट मोटारी हौसेने जतन करणाऱ्यांनाही हा प्रश्न परिचित आहे. पोर्शे ९१४ या मोटारीत इंजिन मध्यभागी असून तिच्या प्रारंभीच्या गाड्यांत इंधनपंप इंजिनाच्या उष्णतेजवळ बसविलेला होता. १९७५ च्या गाड्यांपासून तो पुढील बाजूस हलविण्यात आला. इंधनाचा मार्ग उष्णतेपासून दूर असावा, हाच धडा यातून मिळतो.

इथेनॉल आणि जुनी वाहने

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या प्रयोगांचा प्रारंभ २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथेही झाला होता. ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांना या धोरणाचे महत्त्व सांगावयास नको. २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले, २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. नवीन वाहने या इंधनास अनुरूप बनविली जातात. जुन्या वाहनांतील काही प्रकारच्या रबरावर मात्र इथेनॉलचा परिणाम अधिक होतो. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग व गॅस्केट बदलणे आवश्यक ठरू शकते, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. हा खर्च अल्प असून नेहमीच्या देखभालीच्या वेळी तो करता येतो. इथेनॉलमुळे वाहने पेटतात, असा याचा अर्थ नाही. जीर्ण नळी कोणत्याही इंधनात धोक्याचीच असते.

तपासणी आणि दक्षता

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. म्हणजे मधल्या काळातील देखभालीची जबाबदारी मालकाचीच असते. त्यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील :

(१) इंजिन थंड असताना टाकीपासून इंजिनापर्यंत संपूर्ण नळी पाहावी. वाकविल्यावर तडे दिसल्यास, ती कडक अथवा फुगलेली वाटल्यास ताबडतोब बदलावी. तारेच्या जाळीने मढविलेल्या नळीचे तडे वरून दिसत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

(२) नवी नळी इंधनासाठीच बनविलेली आणि इथेनॉलयुक्त पेट्रोलास चालणारी असावी. पाण्याची किंवा फवारणी यंत्राची नळी कधीही जोडू नये.

(३) इंजेक्शनच्या गाडीस त्या दाबाची नळी व योग्य क्लिप लावावी. तार गुंडाळून काम भागवू नये.

(४) पेट्रोलचा वास आल्यास वाहन चालू करू नये. वाटेत वास आल्यास ते बाजूस घेऊन इंजिन बंद करावे व प्रवाशांना उतरवावे.

(५) वाहनात कोरड्या भुकटीचे अग्निशामक ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत असल्याने आग पसरते. बॉनेट एकदम उघडल्यास हवा मिळून ज्वाळा भडकतात. आग आटोक्याबाहेर असल्यास दूर जाऊन १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्य

दूरच्या वाड्या-वस्त्यांवर अग्निशामक दल पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून प्रतिबंधासच प्राधान्य द्यावयास हवे. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनाची इंधननळी केव्हा बदलली, याची नोंद या समितीने मागावी. ग्रामपंचायतींनी यात्रेपूर्वी स्थानिक मोटार मिस्त्रींच्या साहाय्याने तपासणीचा एक दिवस ठरवावा, तसेच वाहनतळावर वाहनांच्या रांगांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. काही शे रुपयांची नळी वेळेवर बदलल्याने वाहन वाचते आणि त्याहून मोलाचे प्राणही वाचतात. ही जाणीव घरोघरी पोहोचविण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतील.