‘सेवेशी संबंध नाही’ हा शेवटचा शब्द नव्हे

निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर एक रकाना असतो: आजार सेवेमुळे झाला का, सेवेत बळावला का? दोन्हीकडे ‘नाही’ पडलं की आपल्या सातारा-कोल्हापूरकडचा जवान कागदाची घडी घालून ट्रंकेत टाकतो. लष्करी डॉक्टरांनीच लिहिलंय म्हटल्यावर संपलं सगळं, ही समजूत. तिच्यापायी हक्काची अपंगत्व पेन्शन बुडते, याची चीड येते.

‘आजार नोकरीमुळेच झाला हे मी कसं सिद्ध करू?’ हा प्रश्नच मुळात उलटा आहे. सिग्नल्समधले शिपाई धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले. फिट्सच्या आजारामुळे १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वावर त्यांना घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती त्यांना मिळवून दिली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. तो आजार तेव्हा का लक्षात आला नसता, याची कारणं मंडळाने लिहायची. नुसतं ‘नाही’ चालत नाही.

मात्र याचा अर्थ वाट पाहत बसावं असा नाही. अपंगत्व पेन्शनच्या २००८ च्या नियमांत दावा १५ वर्षांनंतर केला आणि तोवर सेवेचे कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना तर वेगळे, नवे नियम आहेत.

पूर्ण नोकरी केली म्हणजे अपंगत्वाचा लाभ नाही, हेही खोटं. सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये अशांनाही टक्केवारी वाढवून देण्याचा लाभ मान्य झाला: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. त्यासाठी अपंगत्वाचा सेवेशी संबंध मान्य झालेला हवा, आणि साधारणपणे ते किमान २० टक्के हवं.

रजेवरच्या अपघाताचं उत्तर सरसकट नाही. रजेसाठी गावी जाताना झालेली इजा न्यायालयाने ग्राह्य धरलेली आहे, पण ड्यूटीशी काहीच संबंध नसलेल्या घरगुती अपघाताचे दावे फेटाळलेही आहेत.

दाद मागायची तर आधी खात्याकडे अपील, तिथे नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. वाट ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तो कागद ट्रंकेतून आजच काढा, आणि ‘नाही’च्या पुढे कारण लिहिलंय का, तेवढं आधी बघा.