वीस तारखेचा दिवस

सकाळी साडेनऊ. डांगे चौकातली कोंडी पार करून ऑफिस उघडते. आम्हा कर सल्लागारांसाठी वीस तारीख म्हणजे जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नचा शेवटचा दिवस.

सव्वादहा. बिलं तपासायला घेते. एका वर्कशॉपचा टर्निंगचा एकच पार्ट चाकणला गेलाय आणि होसूरलाही. दर दोन्हीकडे १८ टक्के. चाकणच्या बिलावर ९ टक्के केंद्राचे, ९ राज्याचे. होसूरच्या बिलावर सगळा आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर, कारण माल तमिळनाडूत उतरला. खातं चुकलं तर योग्य खात्यात कर पुन्हा भरायचा आणि आधीचा परत मागायचा. व्याज लागत नाही, पण छोट्या माणसाचं भांडवल अडकतं. म्हणून जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे, २७ की ३३, मी स्वतः पाहते. तरी २०१३ पर्यंत शहराच्या वेशीवर जकातीसाठी टेम्पो थांबायचे, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बारा. पगारपत्रकं. पीएफ केंद्राचा, व्यवसाय कर राज्याचा: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५०० ही मर्यादा राज्यघटनेतलीच, १९८८ पासूनची.

तीन. वर्कशॉपचे मालक येतात.

"मॅडम, तीन महिने झाले, कंपनीचं पेमेंट नाही. टॅक्स कुठनं भरू?"

मालावरचा कर बिलाच्या तारखेला लागतो, पैसे हाती येवोत न येवोत. उशीर झाला तर लेट फी, वर १८ टक्के व्याज. त्यांच्या बाजूनेही कायदा आहे: २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा संसदेचा, तक्रार ऐकणारी परिषद राज्य सरकारची.

"दादा, अर्ज करू या."

"अन् पुढची ऑर्डर थांबली तर?"

भीती खरी आहे. कराचं मात्र तसं नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, राज्यांच्या मतांना दोन तृतीयांश. करासाठी दोघं एका टेबलावर बसतात आणि तारीख पाळून घेतात. थकलेलं बिल मात्र घाबरलेल्या माणसाच्या तक्रारीवर सोडलंय. निदान छोट्या कारखान्यांकडून तरी पैसे आल्यावरच कर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

साडेसहा. ओव्हरड्राफ्टमधून चलन भरलं, रिटर्न गेलं. थकलेल्या बिलांची तारखेवार यादी मी करून ठेवली, अर्जाला लागेल म्हणून. दादांनी सही उद्यावर टाकली.