खाक्या, कबुली आणि पऱ्हाटीतली कुऱ्हाड

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ अमरावती-अकोल्याच्या गुन्हेवार्तांमध्ये हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय, की त्याचा शिक्काच करून ठेवावा. लिहितो आम्हीच. म्हणून पोलीस ठाण्यांतल्या बंद सीसीटीव्हींची सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मला आधी हा खाक्या आठवला. चौकशीच्या खोलीतही कॅमेरा हवा, हे कोर्टाने २ डिसेंबर २०२० लाच बजावलं होतं. मालिकेतल्या चौकशीच्या खोलीत मात्र कॅमेरे कधीच कमी पडले नाहीत!

‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवतो, दया कानाखाली वाजवतो, आरोपी रडत सगळं ओकतो आणि भाग संपतो. खऱ्या तपास अधिकाऱ्याचं काम इथे संपत नाही, कारण पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालं. आपल्याच फौजदारावर इंग्रजांचा किती भरवसा होता, ते यावरून कळावं.

मग पोलिसांच्या हाती उरतो मेमोरंडम पंचनामा. समजा, वावरात खून झालाय. ठाण्यात दोन पंच बसलेत, बहुधा कुठल्यातरी सरकारी कार्यालयातून बोलावलेले, घड्याळाकडे बघणारे. आरोपी म्हणतो, “म्याच मारलं त्याले. कुऱ्हाड पऱ्हाटीच्या गंजीत खुपसून ठेवली. चाला, दाखवतो.” रायटर ते उतरवून घेतो. गाडी निघते, आरोपी सांगेल तिकडे वळते. गंजीतून कुऱ्हाड निघते, कागदात गुंडाळली जाते, लाखेचं सील लागतं, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होतात. आता कोर्टात ‘म्याच मारलं’ हे शब्द गळतात. ‘कुऱ्हाड गंजीत ठेवली’ एवढंच टिकतं. ही कात्री प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात घालून दिली. कुऱ्हाडीवरच्या रक्ताचं काम पुढे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातं. मालिकेतले डॉ. साळुंखे जाहिरातीच्या आत निकाल देतात. इथे तपास अधिकारी स्मरणपत्रं पाठवत बसतो.

अर्थात, कुऱ्हाड आधी सापडते आणि मेमोरंडम मागाहून लिहिलं जातं, हा बचावाच्या वकिलांचा ठरलेला आरोप. तो दर वेळी खोटा असतो असं नाही. पंच फितूर झाला की सगळंच कोसळतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, ते यासाठीच. माझ्या मते चौकशीतल्या दरडावणीपेक्षा हे चित्रीकरण शंभर पटींनी कामाचं आहे.

कबुलीचा मोह किती जुना, हे पाहायचं तर गोंदियाला जावं लागतं. तिथे १९४९ च्या डिसेंबरात एका पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. कश्मिरा सिंगला खुनाची शिक्षा झाली, तिला मुख्य टेकू सहआरोपीच्या कबुलीजबाबाचा. ही कबुली तर चक्क मॅजिस्ट्रेटपुढची होती. तरीही १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खुनाची शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आपल्याच भागातले. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि तेव्हा अकोला-अमरावतीही त्याच हायकोर्टाखाली होते. बोस यांनी क्रमच उलटा केला: सहआरोपीची कबुली आधी बाजूला ठेवा, उरलेला पुरावा पाहा, तो शिक्षेला पुरत असेल तरच खात्रीसाठी कबुलीकडे वळा. आपण बातमी लिहितो ती नेमकी याच्या उलट.

तेव्हा पुढच्या वेळी आमच्या पानावर ‘पोलिसी खाक्या’ दिसला, तर काय जप्त झालं, कुठून झालं आणि पंच होते का, ते बातमीत शोधा. नसेल तर फोन करून आम्हाला विचारा.