बाळाचा पहिला नाताळ



‘नाताळ’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो बाहेरून आला याची कोणास आठवणही उरलेली नाही. पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’ या शब्दावरून तो आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ एवढाच, की ‘जन्मासंबंधीचा’. म्हणजे ज्या सणाला आपण कागदी तारे, कुस्वार, नवे कपडे आणि मध्यरात्रीची मिस्सा यांवरून ओळखतो, तो मुळात एका तान्ह्या बाळाचा सण आहे. असे असूनही घरात खरोखरीचे तान्हे बाळ असले, म्हणजे त्याच सणात त्याचे सर्वांत जास्त हाल होतात. झोप मोडते, दुधाची वेळ चुकते, दहा हातांतून फिरावे लागते आणि दोन दिवसांनी पडसे होऊन ते अंथरुणास खिळते. हे टाळता येण्याजोगे आहे. बाळाला सणाच्या मापाचे करू नये, सण बाळाच्या मापाचा करावा, एवढे एकच सूत्र मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत या सूत्राला विशेष महत्त्व आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली आले व ‘नव्या काबिजादी’त गणले गेले. त्यामुळे बार्देश, तिसवाडी वा सासष्टी यांच्या मानाने येथे ख्रिस्ती घरे थोडी आहेत. एका ख्रिस्ती घराच्या चहूबाजूंना हिंदू शेजार, हेच येथील वाड्यावाड्यांतले चित्र. चतुर्थीला शेजारच्या घरून नेवऱ्या येतात, आणि नाताळात दोदोल, कुलकुल, बाथ यांचे ताट उलट दिशेने जाते. बाळाचा पहिला नाताळ हा म्हणूनच एका घराचा राहत नाही, तो सबंध वाड्याचा होतो. शिवाय आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारे काका-मामा याच सुमारास घरी येतात. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातच मोपा येथील विमानतळ सुरू झाला असल्याने पाहुणा विमानातून उतरला की तासाभरात तो पाळण्यापाशी येऊन पोहोचतो.

तेव्हा आरंभ पाहुण्यांपासूनच करू. सरकारी लसीकरणाच्या क्रमाप्रमाणे पंचगुणी लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी लस हीच. गोवर-रुबेलाची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर टोचतात. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेले मूल नाताळात जवळजवळ निःशस्त्र असते. मोठ्या माणसाला ज्या खोकल्याचे काही वाटत नाही, तो खोकला अशा बाळाचा श्वास कोंडू शकतो. यास्तव दोन नियम पुरेत. बाळाला घेण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, आणि बाळाच्या तोंडाचा व हातांचा मुका कोणीही घेऊ नये. पावलांना स्पर्श करावा. ज्याला खोकला, पडसे वा ताप आहे, किंवा ज्याच्या ओठावर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या आल्या आहेत, त्याने दुरूनच कौतुक करावे. त्या पुळ्यांतील विषाणू काही आठवड्यांच्या बाळाला प्राणघातक ठरू शकतो. तीन महिन्यांच्या आतील बाळाच्या अंगात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप भरला, तर सण संपण्याची वाट न पाहता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

हे सारे बोलून दाखवणे सुनेला जड जाते. शेजारची वृद्ध आजी मायेने आलेली असते. तिला ‘हात धुवा’ म्हणावे कसे? यावर उपाय असा, की हे काम घरातील वडील मंडळींनी आपल्याकडे घ्यावे. आजोबांनी व्हरांड्यातच पाण्याचा तांब्या, साबण आणि स्वच्छ पंचा ठेवावा, स्वतः हात धुवावेत आणि मग म्हणावे, ‘यावे, आता आपण दोघेही बाळाला पाहू.’ नियम सर्वांना सारखा आहे असे दिसले की त्याचा अपमान वाटत नाही.

आता खाण्याकडे वळू. येथे प्रेमच सर्वांत अधिक धोक्याचे ठरते. आपल्याकडे बाळाच्या जिभेला मधाचे बोट लावण्याची चाल हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत आहे. घुटीही मधात उगाळतात. परंतु एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचा थेंबही देता कामा नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांच्या आतड्यात ती निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करतात. प्रथम शौचास होईनासे होते, मग रडणे क्षीण होते, मान लुळी पडते आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. मध शुद्ध आहे किंवा घरच्या पोळ्याचा आहे, याने यात काही फरक पडत नाही. घरच्या चुलीवर उकळल्यानेही ही बीजे मरत नाहीत.

सहा महिने पुरे होईपर्यंत आईचे दूध हेच बाळाचे कुस्वार होय. त्याला वरचे पाणीसुद्धा लागत नाही. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला मऊ भाताची पेज, नाचणीचे गुळाविना केलेले तिजन, उकडून कुस्करलेले रताळे किंवा पिकलेले केळे असा त्याचा स्वतंत्र फराळ करावा. दोन वर्षांपर्यंत साखर व गूळ जितके दूर ठेवाल तितके बरे. दोदोल चिकट असतो आणि कुलकुल कडक असतात. काजूची अख्खी बी तर चार-पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती देऊ नये. काजूच्या या मुलुखात ही सूचना कोणास अप्रिय वाटेल, पण श्वासनलिकेत बसलेल्या काजूला आपला मुलूख कळत नाही. पडशावर गुण येतो म्हणून हिरडीला ब्रँडीचे बोट लावणारेही असतात. त्यांना नम्रपणे पण निश्चयाने थांबवावे.

एवढी काळजी घेऊनही घास अडकलाच तर काय करावे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. बाळ जोराने खोकत वा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. वस्तू न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे, आणि हाच क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती अधिक खोल जाते.

गोठ्याविषयी थोडेसे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी ख्रिस्तजन्माचा पहिला देखावा उभारला, असे मानतात. आपल्याकडे नाताळाच्या दोन आठवडे आधी नाचणी पेरून त्या गोठ्याभोवती कोवळे हिरवे शेत उगवून आणण्याची किती सुंदर पद्धत आहे! पण रांगणाऱ्या बाळाच्या दृष्टीने गोठा म्हणजे तोंडात घालण्याच्या वस्तूंचे भांडारच. मेंढरे, मेंढपाळ, फार काय, बाळ येशूची इवली मूर्तीदेखील! सव्वा इंचाहून कमी जाडीची कोणतीही वस्तू बाळाचा श्वास रोखू शकते, हे माप लक्षात ठेवावे. यास्तव गोठा या वर्षी जमिनीवर न मांडता उंच फळीवर मांडावा. गवतापाशी मेणबत्ती लावू नये, आणि दिव्यांच्या तारा बाळाच्या हाती येणार नाहीत अशा बांधाव्यात. सुरूच्या फांदीचे झाड केले असेल तर ते भिंतीतील खिळ्याला दोरीने घट्ट आवळावे. चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, तेल वा दातांची पेस्ट लावू नये.

गाणारी भेटकार्डे, लुकलुकणाऱ्या टोप्या आणि स्वस्त खेळणी यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. ही बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतील भाग जाळू लागते. ती गिळल्याचा नुसता संशय आला तरी बाळाला तडक रुग्णालयात न्यावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे; भेट देणाऱ्यांनी ते पाहून घ्यावे. धर्मपिता-धर्ममातेने दिलेली सोनसाखळी फोटोपुरती घालावी आणि झोपण्यापूर्वी अवश्य काढावी.

यानंतर प्रश्न येतो तो मध्यरात्रीच्या मिस्सेचा. हरमल असो, पेडणे असो वा डिचोली, चर्चच्या पटांगणात त्या रात्री दंव पडते, आणि घंटा, ध्वनिवर्धक व फटाके बाळाला दचकवतात. आईच्या मनात मात्र ‘नाही गेले तर पाप लागेल’ ही रुखरुख असते. तिने निश्चिंत असावे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने मिस्सेला हजर न राहण्याच्या सबळ कारणांत आजारपणाबरोबर तान्ह्या मुलांच्या संगोपनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आईवडिलांनी पाळीपाळीने जावे, किंवा २५ तारखेच्या सकाळची मिस्सा धरावी. रात्रीच्या काळोखात स्कूटरवर बाळाला मांडीत घेऊन जाणे तर कधीच नको. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा लागतो, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर असते, आणि नऊ महिन्यांपुढील मुलाला शिरस्त्राणही हवे. त्याहून लहान बाळाची जागा दुचाकीवर नाहीच.

झोपेबाबत अधिक सावध राहावे. डिसेंबरात आपल्याकडे दुपार चांगलीच तापते आणि पहाटे गारवा येतो. आपण जितके कपडे घालतो, त्याहून एखादेच वस्त्र बाळाला जास्त पुरे. लाल लोकरी टोपी झोपेत डोक्यावर राहू देऊ नये, कारण बाळाच्या अंगातील उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. त्याला उताणे, सपाट व घट्ट गादीवर निजवावे. उशी, मऊ बाहुल्या, जाड दुलई जवळ नको. आणि सणाच्या रात्री विशेष सांगण्याची गोष्ट ही, की ज्याने फेणी किंवा दुसरे मद्य घेतले आहे त्याने बाळाला कुशीत घेऊन निजू नये, आरामखुर्चीवर वा सोफ्यावर तर मुळीच नाही. गाढ झोपेत अंगाखाली बाळ गुदमरल्याचे त्याला कळतही नाही. आनंदाच्या घरात दुःख शिरण्याची ही सर्वांत मूक वाट आहे. घरातील निदान एका मोठ्या माणसाने त्या रात्री पेल्याला हात लावू नये, असे आधीच ठरवून टाकावे.

एवढी बंधने पाळल्यावर सणात उरले काय, असे कोणी विचारील. खरे पाहता पुष्कळ उरते. पहिल्या दोन-तीन वर्षांतील प्रसंग माणसाला मोठेपणी आठवत नाहीत. म्हणून बाळासाठी आठवण जपण्याचे काम आपल्यावरच येते, आणि त्याला गोंगाट लागत नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी, बाळ ताजेतवाने असताना, घरातील सर्वांनी गोठ्यापाशी जमावे आणि बाळाला कडेवर घेऊन वडिलांनी येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवावी. मध्यरात्रीची वाट पाहण्याची जरुरी नाही. आजी घरातली असो की शेजारची, तिचे अंगाईगीत फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पुढे या आवाजाचे मोल सोन्याहून अधिक होईल. तांदळाच्या पातळ पिठात बाळाचे पाऊल बुडवून रंगीत कागदावर ठसा घ्यावा. आजोबांनी नातवाला एक पत्र लिहावे: त्या वर्षी पाऊस कसा झाला, कोणकोण भेटीस आले, पेज किती रुपये किलोच्या तांदळाची शिजली. आणि परसात एक जागा निवडून तेथे काठी रोवावी. पुढील पावसाच्या आरंभी त्या जागी माड लावावा. उंच जातीचा माड साधारण सहा ते आठ वर्षांत फळ धरतो. मूल शाळेत वाचायला शिकेल, त्या सुमारास त्याच्या नाताळाचा माडही त्याला पहिला नारळ देईल.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, आणि बेथलेहेमची कथा आपल्या ओवीत आली. त्या कथेत कापडात गुंडाळलेले एक बाळ आहे, निजायला गव्हाण आहे, जवळ आई आहे आणि धोक्याची चाहूल लागताच रातोरात बाळाला घेऊन परदेशी निघून जाणारा योसेफ आहे. चर्च २८ डिसेंबर हा दिवस हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणार्थ पाळते. बाळाचे रक्षण करणे हे नाताळाच्या भक्तीहून वेगळे काम नाही, ते त्या भक्तीतच येते. यंदा आपल्या घरी पाळणा हलत असेल, तर तारा थोडा लवकर मालवावा, दार हळू लोटावे आणि बाळाला पोटभर झोपू द्यावे.